प्रकल्प नोंदी : ‘नामकोश’ लायब्ररी मेवनवरून ग्रेडलवर नेताना

१ जुलै २०२४, सोमवार. टिळकवाडी, बेळगाव

‘नामकोश’ या आमच्या सामाईक जावा लायब्ररीचे (अनेक कार्यक्रमांनी वापरायच्या तयार कोडचे) बिल्ड, म्हणजे कोडपासून चालवण्याजोग्या फाइली बांधण्याची व्यवस्था, मेवन या साधनावरून ग्रेडल या साधनावर नेण्याचे काम आज सुरू केले. ज्या पतसंस्थेसाठी ही लायब्ररी लिहिली तिच्या शाखा बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथे आहेत. तिचे खातेदार कोणी मराठीत सही करतात, कोणी कन्नडमध्ये, तर कोणी इंग्रजीत. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावे दोन लिप्यांत नोंदलेली आढळणे ही इथली रोजची गोष्ट आहे. ही नावे ताडून पाहणे, वर्णानुक्रमाने लावणे आणि छापील रकान्यात बसवणे एवढेच नामकोशाचे काम आहे.

लायब्ररी लहान असली तरी तिच्यावर तीन कार्यक्रम उभे आहेत. शाखेच्या काउंटरवरचा कार्यक्रम सर्वांत जुना असून तो अँट या बिल्ड-साधनाने आणि बाहेरच्या लायब्रऱ्या आणून देणाऱ्या आयव्हीने बांधला जातो, आणि शाखांतील संगणक जुने असल्यामुळे तो अजूनही जावा ८ वर चालतो. मुख्य कार्यालयातील सर्व्हर मेवनवर आहे. पिग्मी एजंटांनी दिवसभरात जमा केलेल्या रकमा नोंदवून घेणारी सेवा सर्वांत नवी, आणि ती पहिल्या दिवसापासून ग्रेडलवर आहे. स्थलांतराचे कारण ही सेवाच. तिच्यासाठी नामकोशात जवळजवळ रोज काहीतरी बदलावे लागते, आणि दोन्ही ग्रेडलवर असतील तर ग्रेडलच्या संयुक्त बिल्डमुळे लायब्ररी प्रकाशित न करताच तिच्यातला बदल सेवेत तपासून पाहता येतो. सर्व्हर आणि काउंटर आहेत त्याच साधनांवर राहतील. नामकोश कोणत्या साधनाने बांधला जातो हे त्यांना कळण्याचे कारणच नाही, असे मी आज तरी धरून चाललो आहे.

३ जुलै, बुधवार

काहीही हलवण्यापूर्वी आज काय काय आहे याची यादी केली. मेवनचा ‘डिपेंडन्सी ट्री’ हा आदेश तिन्हींपैकी फक्त सर्व्हरवर चालतो, म्हणून सुरुवात तिथूनच केली. नामकोशाच्या पोम फाइलमध्ये (मेवनच्या प्रकल्प-माहितीच्या फाइलमध्ये) दोन डिपेंडन्सी, म्हणजे ज्यांच्यावर तो अवलंबून आहे अशा बाहेरच्या लायब्रऱ्या, महत्त्वाच्या आहेत: वर्णानुक्रमासाठी आयसीयू-फोर-जे आणि अक्षरमालांच्या किरकोळ कामांसाठी कॉमन्स लँग ३.१२. दोन्हींना स्कोप, म्हणजे ती कोणत्या टप्प्यावर दिसावी याची खूण, लिहिलेला नाही, तेव्हा मेवनच्या नियमाप्रमाणे तो ‘कंपाइल’ (कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करण्याचा टप्पा) धरला जातो.

त्यानंतर ‘डिपेंडन्सी अॅनलाइझ’ चालवले, तेव्हा सर्व्हरच्या यादीत “वापरल्या, पण जाहीर न केलेल्या” या मथळ्याखाली कॉमन्स लँग दिसली. सर्व्हरच्या पोममध्ये तिचे नाव कुठेही नाही. ती नामकोशाच्या मागून आली, क्लासपाथवर (कंपायलर जिथे शोधतो त्या यादीत) दिसली, आणि कोणीतरी ती वापरली. चूक कोणा एकाची म्हणता येत नाही, कारण मेवनमध्ये ‘कंपाइल’ स्कोपची डिपेंडन्सी जितके हात पुढे जाईल तितक्या सगळ्यांना कंपाइलच्या वेळी दिसत राहते. मेवनच्या स्वतःच्या दस्तऐवजातच याबद्दल एक कबुली आहे: मुळात अशा मागून येणाऱ्या डिपेंडन्सी फक्त रनटाइमला (कार्यक्रम चालताना) दिसाव्यात आणि कंपाइलला लागणारी प्रत्येक गोष्ट वापरणाऱ्याने स्वतः जाहीर करावी असा हेतू होता, पण एका लायब्ररीतला वर्ग दुसऱ्या लायब्ररीतल्या वर्गाचा वारसा घेत असेल तर कंपाइलच्या वेळी दोन्ही लागतात, म्हणून त्या ‘कंपाइल’च ठेवाव्या लागल्या. हा २००५ मध्ये आलेल्या मेवन २ च्या काळापासूनचा व्यवहार आहे, आणि आमचा सर्व्हर त्याच्यावर निवांत झोपला होता.

८ जुलै, सोमवार

ग्रेडल ८.८ घेतले, रॅपर (ग्रेडलची ठरलेली आवृत्ती आपोआप आणणारा छोटा भाग) कोडच्या रिपॉझिटरीत घातला आणि नामकोशाची बिल्ड फाइल हाताने लिहून काढली. ग्रेडलच्या ‘जावा लायब्ररी’ प्लगइनमध्ये डिपेंडन्सी लिहिण्याच्या दोन मुख्य जागा आहेत. ‘एपीआय’मध्ये लिहिलेली डिपेंडन्सी वापरणाऱ्यालाही कंपाइलच्या वेळी दिसते, ‘इम्प्लिमेंटेशन’मध्ये लिहिलेली त्याला फक्त चालवतानाच मिळते. हा भेद २०१७ मध्ये ग्रेडल ३.४ ने आणला, आणि २०२१ मध्ये आलेल्या ग्रेडल ७ मध्ये जुने सरसकट ‘कंपाइल’ काढूनच टाकले. शंका असेल तेथे ‘इम्प्लिमेंटेशन’ निवडावे हा रूढ सल्ला मानून मी दोन्ही डिपेंडन्सी तिथेच ठेवल्या. चाचण्या पहिल्या फटक्यात पार पडल्या, आणि संध्याकाळी सहापर्यंत नवी आवृत्ती आमच्या अंतर्गत रिपॉझिटरीत (तयार लायब्रऱ्यांच्या साठ्यात) प्रकाशित झाली.

एवढ्या सहजतेने शंका यायला हवी होती.

९ जुलै, मंगळवार

सकाळी सर्व्हरचे बिल्ड तुटले. त्रुटी दोन प्रकारच्या होत्या. काही फाइलींत कॉमन्स लँगचे पॅकेजच अस्तित्वात नसल्याचे कंपायलर सांगत होता. एका फाइलीत मात्र आयसीयूच्या कोलेटर या (शब्दांचा क्रम ठरवणाऱ्या) वर्गाची क्लास फाइल, म्हणजे कंपाइल झालेली फाइल, सापडत नसल्याची तक्रार होती, जरी त्या फाइलीत आयसीयूचे नावही कोणी लिहिलेले नव्हते. कारण एकच. ग्रेडल पोम लिहिताना ‘एपीआय’ला ‘कंपाइल’ स्कोप देते आणि ‘इम्प्लिमेंटेशन’ला ‘रनटाइम’. काल मी दोन्ही डिपेंडन्सी ‘रनटाइम’ केल्या, आणि मेवन ‘रनटाइम’ स्कोपच्या गोष्टी मुख्य कोड कंपाइल करताना दाखवत नाही.

या दोन त्रुटींचे तोंड सारखे असले तरी दोष वेगळ्या घरचे आहेत, आणि हे लक्षात यायला मला दुपार झाली. कॉमन्स लँगच्या बाबतीत दोष सर्व्हरचा आहे: त्याने दुसऱ्याच्या ताटातले उचलले होते, आणि ते ताट उचलले गेल्यावर तो उपाशी राहिला. आयसीयूच्या बाबतीत दोष माझा आहे. नामकोशातील एक सार्वजनिक पद्धत (मेथड) कोलेटर परत देते. वापरणाऱ्याने तो वर्ग कुठे लिहिला नाही तरी पद्धतीच्या सहीतच (ती काय घेते आणि काय परत देते या नोंदीतच) तो असल्यामुळे कंपायलरला तो पाहावाच लागतो. जी गोष्ट सहीत आहे ती आतली बाब नव्हे, ती ‘एपीआय’चीच.

संस्थेच्या व्यवस्थापकांना विलंबाचे कारण सांगताना मी त्यांच्याच व्यवहारातले उदाहरण दिले. कर्जदाराला जामीन राहिलेल्या माणसाचा स्वतःचा कोणी जामीनदार असेल, म्हणून तो तिसरा माणूस आपल्या कर्जाला बांधला जात नाही. तो हवा असेल तर त्याची सही वेगळी घ्यावी लागते. त्यांना ते लगेच पटले. “मग इतकी वर्षे सहीशिवाय चाललं कसं?” असा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे मेवनच्या नियमाखेरीज दुसरे उत्तर नव्हते.

विशेष म्हणजे सर्व्हरच्या चाचण्यांचा कोड वेगळा तपासला तेव्हा त्यातले आयसीयूचे उल्लेख बिनतक्रार कंपाइल झाले. मेवनमध्ये ‘रनटाइम’ स्कोपची डिपेंडन्सी चाचण्यांच्या क्लासपाथवर असते आणि चाचण्या कंपाइल करण्यासाठीही तोच क्लासपाथ वापरला जातो. ग्रेडलमध्ये हे घडले नसते. काउंटरचा कार्यक्रम तर नव्या आवृत्तीसह सुरळीत बांधला गेला, आणि त्याने माझी चिंता कमी होण्याऐवजी वाढली. त्याबद्दल पुढे.

सहकाऱ्याला सांगितले की सर्व्हरच्या पोममध्ये कॉमन्स लँग स्वतःच्या नावाने जाहीर करावी. आयसीयूसाठी मी संध्याकाळी तात्पुरती तोड काढली: पोम प्रकाशित होताना ग्रेडलच्या एक्सएमएल बदलण्याच्या सोयीने आयसीयूचा स्कोप ‘कंपाइल’ करून टाकला. सर्व्हर बांधला गेला.

११ जुलै, गुरुवार

तात्पुरती तोड दोन दिवसही टिकली नाही. पिग्मी सेवेच्या रोजच्या बिल्डने आज कोलेटर सापडत नसल्याची तीच तक्रार केली, जी मी सर्व्हरसाठी परवाच मिटवली होती. माझ्या संगणकावर संयुक्त बिल्ड असल्याने ती दिसली नाही, असे प्रथम वाटले. पण माझ्याकडेही बिल्ड तुटायलाच हवे होते, कारण तिथे ग्रेडल थेट नामकोशाच्या बिल्ड फाइलीतले ‘इम्प्लिमेंटेशन’ वाचते. शोधल्यावर कळले की मी सेवेचा तो भाग या आठवड्यात बांधलेलाच नव्हता.

खरा धडा प्रकाशित आवृत्तीत आहे. २०१९ मधील ग्रेडल ६ पासून ग्रेडल पोमच्या शेजारी ‘मॉड्युल’ नावाची आपली स्वतंत्र माहिती-फाइल प्रकाशित करते, आणि पोममध्ये तशी फाइल असल्याची खूण एका टिप्पणीच्या रूपाने ठेवते. वापरणारे साधन ग्रेडल असेल तर ती खूण पाहून ते पोम बाजूला ठेवते आणि मॉड्युल फाइल वाचते. मेवन आणि आयव्ही यांना त्या फाइलीचा गंध नाही. ते पोमच वाचतात. मी बदल पोममध्ये केला होता, मॉड्युल फाइलीत आयसीयू अजून फक्त रनटाइमलाच होती. एकाच क्रमांकाची आवृत्ती दोन साधनांना दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती.

मॉड्युल फाइल प्रकाशित करणेच बंद करावे, म्हणजे सगळे एकाच पोमवर येतील, असा एक मार्ग होता. तो मी आज नाकारला. त्या फाइलीत पोममध्ये न मावणारी बरीच माहिती असते, ती उगाच गमावू नये असे वाटले. एक्सएमएल बदलणारा तुकडा पुसला. दृश्यतेचा निर्णय यापुढे बिल्ड फाइलीतच घ्यायचा आणि दोन्ही फाइली त्यातूनच निघू द्यायच्या. प्रकाशित होणाऱ्या पोमला हात लावायचा नाही.

१२ जुलै, शुक्रवार

आयसीयू ‘एपीआय’मध्ये टाकली. दोन ओळींचे काम. पण त्यापूर्वी सकाळभर दुसऱ्या पर्यायावर खल झाला, तो नोंदवून ठेवतो.

आयसीयू मुळात का लागते, हे नव्या सहकाऱ्याला विचारावेसे वाटले म्हणून उदाहरण काढले. युनिकोडमध्ये ळ हा वर्ण ल नंतर लगेच आणि व च्या आधी ठेवलेला आहे. त्यामुळे नुसत्या संकेतक्रमाने नावे लावली तर काळे, कावळे, कासार असा क्रम येतो. मराठी वर्णमालेत मात्र ळ ह नंतर येतो, म्हणून शाखेतल्या कोणत्याही जुन्या खतावणीत कावळे, कासार, आणि मग काळे असाच क्रम सापडेल. कन्नड वर्णमालेतही ळ ह नंतरच आहे, आणि तिथेही संकेतक्रम तसाच फसवतो. खतावणीशी यादी ताडून पाहणारे वयस्क कारकून हा फरक क्षणात पकडतात, आणि पकडल्यावर संगणकावरचा त्यांचा विश्वास बराच कमी होतो.

तर आयसीयू हवीच. प्रश्न असा की तिचा वर्ग आमच्या सहीत का असावा? कोलेटर हा जावाच्या साध्या कंपॅरेटर (दोन गोष्टींची तुलना करणाऱ्या) इंटरफेसची अंमलबजावणी करतो, आणि वापरणाऱ्या तिघांपैकी कोणालाही त्याहून अधिक काही लागत नाही. पद्धतीने कंपॅरेटर परत दिला तर आयसीयू खरोखर आतली बाब होईल आणि ‘इम्प्लिमेंटेशन’मध्ये राहू शकेल. अडचण एवढीच की जावाच्या क्लास फाइलीत पद्धतीची ओळख तिच्या परताव्याच्या प्रकारासह लिहिलेली असते. परतावा बदलला तर सोर्स जसाच्या तसा कंपाइल होईल, पण पूर्वी कंपाइल झालेली जार फाइल (क्लास फाइलींचे गाठोडे) नव्या नामकोशासोबत चालवली की पद्धत सापडत नसल्याची त्रुटी येईल. आणि काउंटरच्या कार्यक्रमात नामकोशाची जार वेगळी बदलण्याची सवय शाखांना लागलेली आहे. म्हणून जुनी पद्धत कालबाह्य अशी खूण करून ठेवायची, नव्या नावाने कंपॅरेटर देणारी पद्धत जोडायची, आणि जुनी निघेपर्यंत आयसीयू ‘एपीआय’तच राहू द्यायची, असे ठरले. कॉमन्स लँग आमच्या एकाही सहीत नाही, तेव्हा ती ‘इम्प्लिमेंटेशन’मध्येच राहील.

१९ जुलै, शुक्रवार

पाऊस चार दिवस थांबलेला नाही, वीज दिवसातून दोनदा जाते, आणि आजची चूक संपूर्णपणे माझी आहे.

खानापूर शाखेत काउंटरचा कार्यक्रम नव्या नामकोशासह चाचणीसाठी बसवला होता. दहा वाजता तिथल्या रोखपाल बाईंचा फोन आला: “ओ दादा, चालू केल्यावर कायतरी तांबडं येऊलाय बघा, पुढं जाईना.” छायाचित्र मागवले. वर्ग ६१ क्रमांकाच्या क्लास फाइल आवृत्तीत कंपाइल झाला आहे आणि हे जावा ५२ पर्यंतच वाचू शकते, असा तो संदेश होता. ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. नामकोशाच्या जुन्या पोममध्ये लक्ष्य जावा ८ असल्याची नोंद होती. ग्रेडलची फाइल लिहिताना ती उतरवून घ्यायची मी विसरलो, आणि माझ्या संगणकावरच्या जेडीके १७ ने (जावाच्या विकसन-संचाने) स्वतःच्याच आवृत्तीत बिल्ड करून दिले.

मला जास्त विचार करायला लावले ते तिन्ही साधनांच्या वागण्याने. सर्व्हर जावा १७ वरच चालतो, तेव्हा मेवनला तक्रारीचे कारण नव्हते. काउंटरचे अँट बिल्ड आमच्या कार्यालयात जेडीके १७ वर, जावा ८ चे लक्ष्य देऊन होते. त्या कंपायलरला ६१ क्रमांकाच्या क्लास फाइली वाचता येतात, म्हणून तिथेही काही अडले नाही, आणि चूक खानापूरला जाऊन प्रकटली. पिग्मी सेवा जावा ११ वर आहे. तिचे बिल्ड काल रात्रीच थांबले होते आणि ग्रेडलने स्वच्छ शब्दांत सांगितले होते की हा घटक जावा १७ शी सुसंगत आहे आणि तुम्हाला जावा ११ चा हवा आहे. ही माहिती त्याला मॉड्युल फाइलीतून मिळाली, जी आठ दिवसांपूर्वी मी जवळजवळ बंद करणार होतो. तो संदेश माझ्या टपालात सकाळी सातपासून पडून होता. मी तो दुसऱ्या रेल्वे गेटवर मालगाडी जाण्याची वाट पाहत असताना वाचला, तोवर फोन येऊन गेला होता.

बिल्ड फाइलीत कंपायलरचा ‘रिलीज’ पर्याय ८ केला. हा पर्याय केवळ क्लास फाइलीचा क्रमांक उतरवत नाही, तर जावा ८ मध्ये नसलेल्या पद्धती वापरल्या तर त्याही अडवतो. जुन्या ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ या जोडीला ते जमत नाही. काउंटरच्या अँट फाइलीतही तोच बदल केला.

२३ जुलै, मंगळवार

रात्री थकबाकीच्या नोटिसा तयार करणारे सर्व्हरचे काम पहिल्या काही नावांनंतर बंद पडले. कॉमन्स लँगमधील ‘ट्रंकेट’ ही पद्धत सापडत नसल्याची त्रुटी होती. ती पद्धत सर्व्हर वापरत नाही, नामकोश वापरतो, लांब नावे रकान्यात बसवण्यासाठी. नामकोश ३.१२ मागतो, त्यात ती आहे. मग गेली कुठे?

९ तारखेला सहकाऱ्याने माझ्या सांगण्यावरून सर्व्हरच्या पोममध्ये कॉमन्स लँग जाहीर केली, हे बरोबर. आवृत्ती मात्र त्याने दुसऱ्या जुन्या प्रकल्पातून उचलली: ३.४. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या समोर आल्या की मेवन झाडाच्या मुळाशी जी सर्वांत जवळ असेल ती घेतो, ती जुनी की नवी हे पाहत नाही. अंतर सारखे असेल तर जी आधी लिहिली ती. सर्व्हरची स्वतःची घोषणा एका पावलावर, नामकोशाची दोन पावलांवर, तेव्हा ३.४ जिंकली. ‘ट्रंकेट’ ३.५ पासून आली. कंपाइलच्या वेळी सर्व्हरच्या कोडला तिची गरजच नसल्यामुळे बिल्ड हिरवे राहिले, आणि एक लांब आडनाव येईपर्यंत रात्रीचे कामही चालले.

ग्रेडल याच प्रसंगी डीफॉल्टने सर्वांत वरची आवृत्ती निवडते, आयव्हीसुद्धा नवी आवृत्ती घेते. म्हणजे नामकोश तिन्ही ठिकाणी तोच असूनही त्याच्यासोबत चालणारी कॉमन्स लँग तिन्ही ठिकाणी तीच असेल याची हमी नामकोशाचा लेखक म्हणून मी देऊ शकत नाही. ती वापरणाऱ्याच्या साधनाच्या हाती आहे. सर्व्हरमध्ये मेवनच्या एन्फोर्सर प्लगइनचा असा नियम लावला की झाडात कुठेही मागितलेल्या आवृत्तीपेक्षा खालची आवृत्ती निवडली गेली तर बिल्ड थांबावे. नियम लावताच त्याने ही जोडी दाखवली, आणि आम्हाला माहीत नसलेली आणखी एक जोडीही.

२४ जुलै, बुधवार

कालच्या प्रकरणाची शेपटी. ‘ट्रंकेट’ नेमके काय करते हे पाहिले, तर ती यूटीएफ-१६ या संकेतनाची एकके मोजून कापते. ‘कुलकर्णी’ हे नाव सहा एककांवर कापले तर ‘कुलकर्’ उरते आणि छापील नोटिशीवर पाय मोडलेला र लोंबकळतो. असे कागद शाखेतून गेल्या वर्षभर जात होते आणि कोणी तक्रार केली नव्हती. लोकांना वाटत असेल की संगणक असाच लिहितो. कापण्याची जागा मात्रेवर किंवा हलन्तावर येत असेल तर अक्षराच्या सुरुवातीपर्यंत मागे सरकणारी पद्धत लिहिली. ती बारा ओळींची आहे, आणि तिला कॉमन्स लँग लागत नाही. नामकोशातले त्या लायब्ररीचे उरलेले दोन उपयोग जावाच्या स्वतःच्या पद्धतींनी भागले. एक डिपेंडन्सी पूर्ण गेली, आणि तिच्यासोबत तिच्या आवृत्तीचा वादही.

३० जुलै, मंगळवार

आता काउंटर, ज्याच्या मौनाने मी ९ तारखेला अस्वस्थ झालो होतो. तो निमूटपणे बांधला गेला याचे कारण त्याच्या आयव्ही फाइलीत प्रत्येक डिपेंडन्सीला ‘डीफॉल्ट’कडून ‘डीफॉल्ट’कडे अशी जोडणी आहे. आयव्ही पोम वाचते तेव्हा मेवनच्या स्कोपना आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये उतरवते, आणि त्यातले ‘डीफॉल्ट’ म्हणजे रनटाइमचे सगळे आणि शिवाय मूळ जार. साहजिकच कंपाइलच्या वेळीही काउंटरला सगळेच दिसत होते. मी काय लपवले आणि काय उघडे ठेवले याचा त्याच्यावर काही परिणामच होत नव्हता.

जोडणी घट्ट करायला घेतली. पहिल्या प्रयत्नात ‘कंपाइल’कडून ‘कंपाइल’कडे लिहिले, तर नामकोशाच्या डिपेंडन्सी उतरल्या आणि खुद्द नामकोश उतरलाच नाही. पोममधून बनवलेल्या आयव्हीच्या कॉन्फिगरेशनमध्ये मूळ जार ‘मास्टर’ नावाच्या वेगळ्या कॉन्फिगरेशनमध्ये असते. वऱ्हाड आले आणि नवरा घरीच, असा तो प्रकार. ‘मास्टर’ जोडल्यावर सर्व जागेवर आले, आणि काउंटरच्या कोडमधील तीन फाइली तुटल्या. त्यांत कॉमन्स लँगचा वापर होता, तोही जाहीर न केलेला, आणि तो आजपर्यंत फक्त नामकोशाच्या जीवावर चालला होता. २४ तारखेनंतर नामकोश ती आणतच नाही, तेव्हा ही जोडणी न बदलताही पुढच्या अद्ययावतीकरणात काउंटर तुटलाच असता, कदाचित निपाणीच्या बाजाराच्या दिवशी. घोषणा जोडून दिली.

त्याच फाइलीत मेवन सेंट्रल या सार्वजनिक रिपॉझिटरीचा जुना, असुरक्षित एचटीटीपी पत्ता सापडला. सेंट्रलने जानेवारी २०२० पासून तो बंद केला आहे. इतके दिवस बिल्ड चालत होते ते केवळ या संगणकावरच्या साठवणीतून (कॅशमधून). पत्ता बदलला आणि साठवण रिकामी करून पुन्हा बांधले.

६ ऑगस्ट, मंगळवार

गेल्या महिन्यातील पाचपैकी एकही बिघाड नामकोशाच्या स्वतःच्या चाचण्यांत दिसला नव्हता, कारण तो त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच नाही. म्हणून आज तीन छोटे नमुना-प्रकल्प लिहिले: एक मेवनचा, एक ग्रेडलचा, एक अँट-आयव्हीचा. प्रत्येकात दोनच वर्ग आहेत. ते नामकोशाची प्रत्येक सार्वजनिक पद्धत एकदा हाक मारून पाहतात आणि नामकोशाखेरीज काहीही जाहीर करत नाहीत. प्रकाशनापूर्वी नामकोश एका रिकाम्या स्थानिक रिपॉझिटरीत ठेवला जातो, तिन्ही नमुने रिकाम्या साठवणीने त्याच्यावर बांधले जातात आणि जावा ८ वर चालवले जातात. एखाद्या सहीतला प्रकार ‘इम्प्लिमेंटेशन’मध्ये राहून गेला तर तिन्ही नमुने तुटतील, क्लास फाइलीचा क्रमांक चुकला तरीही.

मुद्दाम आयसीयू पुन्हा ‘इम्प्लिमेंटेशन’मध्ये टाकून पाहिली. मेवनचा नमुना तुटला, ग्रेडलचा तुटला, आयव्हीचाही तुटला, कारण त्यात जोडणी पहिल्यापासून घट्ट लिहिली आहे. लक्ष्य जावा १७ करून पाहिले, तेव्हा ग्रेडलचा नमुना बांधतानाच थांबला आणि उरलेले दोन चालवताना.

१४ ऑगस्ट, बुधवार

नवी आवृत्ती तिन्ही कार्यक्रमांत गेली. खानापूर, निपाणी आणि बेळगाव शाखांत काउंटर बसवून झाला. खानापूरच्या रोखपाल बाईंनी काळे आणि कासार यांचा क्रम स्वतः खतावणी उघडून ताडून पाहिला.

जाता जाता पिग्मी सेवेच्या बिल्ड फाइलीत जेसेंटर या रिपॉझिटरीचा उल्लेख उरलेला दिसला. तिथल्या मागण्या उद्यापासून मेवन सेंट्रलकडे वळवल्या जाणार आहेत, म्हणजे फक्त तिथेच असलेली जार यापुढे मिळणार नाही. आमच्या यादीत पावती-छपाईची एक जार तशी निघाली. ती आजच उतरवून अंतर्गत रिपॉझिटरीत ठेवली आणि तो उल्लेख पुसला.

उरलेले काम: कोलेटर परत देणारी जुनी पद्धत सर्व्हरमध्ये दोन ठिकाणी आणि काउंटरमध्ये एका ठिकाणी अजून वापरात आहे. सर्व्हरची ठिकाणे गणपतीपूर्वी बदलायची. काउंटरचे ठिकाण शाखांतील पुढच्या फेरीत, जारची वेगळी अदलाबदल बंद झाल्याची खात्री करून बदलायचे, आणि त्यानंतरच्या आवृत्तीत आयसीयू ‘एपीआय’मधून काढायची.